दुसरा वार कुणाचा

आमचे जावईबापू अतिशय वेगवान आहेत, असं खुद्द जावईबापूंचं मत आहे. माझ्या धाकट्या बहिणीशी लग्न झाल्यापासून दर रविवारी दुपारी ते चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत येऊन हे मत सिद्ध करतात. म्हणजे टेबलावर अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा योद्धा ठेवतात, वीस बाजूंचा फासा तळहातात खुळखुळवतात आणि आपल्या एका टर्नमध्ये दोनदा वार करतात. दुसरा वार झाला की मान वर करून एकेकाच्या तोंडाकडे बघतात. टाळ्या अजून कुणी वाजवलेल्या नाहीत, पण माणसाने आशा सोडलेली नाही.

'जावईबापू' हा शब्द आमच्या आईचा. ती तो मायेने उच्चारायची. मी मायेने उच्चारत नाही.

खेळ तसा साधा आहे. प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि त्या पात्राचा एक कागद असतो. त्यावर ताकद, उरलेला जीव, शस्त्रं, मंत्र, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं असतं, कारण या खेळात सगळंच कमीजास्त होतं. सूत्रधार गोष्ट सांगतो, राक्षस चालवतो आणि नियम सांभाळतो. सूत्रधार मी. लढाई फेऱ्याफेऱ्यांनी चालते आणि एका फेरीत प्रत्येकाला थोडं चालता येतं आणि एक कृती करता येते. वार कर, नाहीतर मंत्र टाक, नाहीतर पळ. एवढं सहा वर्षांच्या पोरालाही कळतं. जावईबापूंना समजावायला मला एक आख्खा पावसाळा लागला.

पोटापाण्यासाठी मी वाहन परवान्याची चाचणी घेते. आठवडाभर परक्या माणसांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसते, म्हणून रविवारी मी उभी राहते. शिवाय त्या खोलीत खुर्च्याच चार. एक चष्मेवाल्याची, कारण दुकान त्याचं. त्याचा तिरंदाज आहे आणि तो जगाला चष्मे देतो तरी त्याचा बाण कधी कुणाला लागत नाही. दुसरी नर्सबाईंची. त्या दिवसभर माणसं वाचवतात आणि रविवारी चोर होऊन पाठीत सुरे खुपसतात, त्याने त्यांना बरं वाटतं. उरलेल्या दोन धाकटीच्या आणि जावईबापूंच्या. पाचवी खुर्ची ठेवायला जागा नाही, कारण उरलेल्या खोलीत काचा घासायचं मशीन आणि डोळे तपासायची ती मोठी गरगर फिरणारी खुर्ची आहे. त्यामुळे माझा नियम असा की नवा माणूस यायचा तर जुना उठला पाहिजे. आणि ज्याचं पात्र मेलं, तो ती गोष्ट संपेपर्यंत टेबलाबाहेर. आमच्या गोष्टी वर्षवर्ष चालतात. एक निवृत्त मास्तर असेच बाहेर गेले, ते अजून रस्त्यात भेटले की तोंड फिरवतात. नियम म्हणजे नियम. मी मंत्र्याच्या भाच्याला नापास केलंय, मास्तरांचं काय घेऊन बसलात.

तर जावईबापूंचा वेग. तो त्यांचा नाहीच. तो धाकटीचा आहे.

धाकटीची जादूगारीण आहे. लग्नाआधीपासूनची. वेगमंत्र तिला येतो. लढाई सुरू झाली की तिने स्वतःची कृती खर्चून तो आपल्या माणसावर टाकायचा. मग तो माणूस दुप्पट अंतर पळतो, शत्रूचे घाव चुकवतो आणि त्याला फेरीत एक जादा कृती मिळते. तीही अर्धवट. त्यात फक्त एक वार करता येतो, किंवा पळता येतं, किंवा लपता येतं. आणि हे सगळं कुठवर, तर धाकटीचं लक्ष त्या मंत्रावर आहे तोवर. लक्ष लागणारा दुसरा कुठलाही मंत्र तिला त्या वेळात टाकता येत नाही. तिला घाव बसला की फासा टाकून लक्ष टिकवायचं. टिकलं नाही, तर वेग जातोच, वर तो वेगवान माणूस एक आख्खी फेरी गळाठून उभा राहतो. हलता येत नाही, हातही उचलता येत नाही. उसन्या वेगाची ती भरपाई.

जावईबापूंना ही शेवटची ओळ माहीत नव्हती. कशी असणार? धाकटीचं लक्ष कधी सुटलंच नव्हतं. इतक्या वर्षांत तिने बाण खाल्ले, विष खाल्लं, एकदा तर अजगराच्या पोटात बसून तिने तो मंत्र धरून ठेवला होता आणि बाहेर हे महाशय दोन-दोन वार करून मिशीला पीळ भरत होते. लढाई संपल्यावर "बाहेर काढा रे तिला" असं म्हणाले, तेही नर्सबाईंनी आठवण केल्यावर.

आणि यांनी काय केलं असेल? स्वतःच्या कागदावर 'कृती' या रकान्यात 'दोन' असं लिहिलं. पेनाने.

मी म्हटलं, "हे पेनाने कशाला?"

"कायमचंच आहे ना, ताई. दरवेळी कोण खोडत बसणार!"

मी धाकटीकडे पाहिलं. ती पेन्सिलीला टोक करत होती.

गेल्या महिन्यात जावईबापूंनी ऑफिसात टेंभा मिरवला. ते विमा विकतात, आणि विमा विकता विकता त्यांनी शाखेच्या साहेबांना आपला पराक्रम ऐकवला. साहेबांची मुलं हा खेळ खेळतात म्हणे, आणि जेवताना काय बोलतात ते साहेबांना कळत नाही. साहेब म्हणाले, "मलाही शिकायचंय, जागा आहे का?" झालं. जावईबापूंना प्रमोशनचा वास आला. जागा नव्हती, म्हणून यांनी ती केली.

"ही कंटाळलीय," मला फोनवर म्हणाले. "नुसती खांबामागे उभी तर असते. हिच्या जागी साहेब बसतील. या लढाईनंतर ती सांगेलच तुम्हाला."

"आणि वेगमंत्र कोण टाकणार?"

"कशाला? माझ्याकडे दोन कृती आहेतच की."

फोन ठेवल्यावर मी दहा मिनिटं घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. काही माणसांना नापास करायला नुसती चाचणी पुरत नाही.

त्या रविवारी साहेब आले. डोळे तपासायच्या खुर्चीत त्यांना बसवलं. समोर अक्षरांचा तक्ता, बाजूला भिंगांचं यंत्र, मध्ये साहेब, मांडीवर हात ठेवून, नातेवाइकांच्या लग्नात बसतात तसे. जावईबापू इतके वाकत होते की त्यांच्या कमरेची मला काळजी वाटली. "साहेब, इथून दिसतंय ना? साहेब, फॅन वाढवू?" चष्मेवाल्याला त्यांनी त्याच्याच दुकानात पाणी आणायला पाठवलं.

मागच्या मोरीत मी आणि धाकटी कप विसळत होतो.

"तू नाही म्हण," मी म्हटलं.

"घरात रोज कोण भांडत बसणार, ताई?"

"कंटाळलीस का खरंच?"

तिने कप पालथा घातला. "आठवड्यातून हीच एक दुपार असते माझी. आख्खा आठवडा मी हिच्याकडे डोळे लावून असते. त्यांनाही ठाऊक आहे ते. म्हणाले, साहेबांपुढे माझी लाज राख."

"मग रविवारी काय करशील?"

"घर आहे. पोर आहे." आणि मग एकदम, तोंड न वळवता, "माझी भिंत राहिली गं करायची."

भिंत म्हणजे दगडी भिंतीचा मंत्र. दोन वर्षांपूर्वी तिने तो कमावला होता. जमिनीतून आख्खी भिंत उभी करायची, हवी तिथे, हवी तशी. पण त्यालाही लक्ष लागतं. आणि लक्ष तर जावईबापूंकडे गहाण. दोन वर्षं ती भिंत तिच्या कागदावर नुसती लिहिलेली होती. मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मला राग येतो.

सूत्रधाराला मात्र बाजू घेता येत नाही. मी तिला 'असं कर' म्हणू शकत नव्हते, डोळ्यानेसुद्धा नाही. ते केलं असतं तर माझ्यात आणि जावईबापूंत फरक काय राहिला?

लढाई मिठाच्या खाणीत होती. एक मोठी गुहा, तिला एक अरुंद बोगदा, आणि बोगद्यातून येणारे दगडी पहारेकरी. एक मारला की दोन येत. हे चौघं गुहेत होते. धाकटी खांबामागे. पहिल्याच टर्नला तिने वेगमंत्र टाकला, जावईबापूंवर, नेहमीप्रमाणे.

"बघा हं साहेब," जावईबापू म्हणाले. दुप्पट धावून ते बोगद्याच्या तोंडातून थेट आत घुसले, पहारेकऱ्यांच्या गर्दीत. एक वार केला. मग थांबले, साहेबांकडे पाहिलं, आणि दुसरा केला. "एका टर्नमध्ये दोन! बाकीच्यांना एकच असतो."

साहेब पुढे वाकले. "तुम्हाला दोन कसे?"

"स्पीड, साहेब. पहिल्यापासून आहे माझ्यात."

नर्सबाईंना ठसका लागला.

साहेबांनी टेबलावरच्या बाहुल्या नीट पाहिल्या. "आणि त्या मिसेस तिथे मागे काय करतायत?"

"ती सेफ आहे साहेब, तिची काळजी नको."

सेफ! माझे पहारेकरी दगडाचे होते, पण डोक्याने दगड नव्हते. एक माणूस विजेसारखा पळतोय आणि एक बाई खांबामागे ओठ मिटून उभी आहे, हे बघून कुठलाही शहाणा शत्रू बाईकडे वळेल. मी सूत्रधार आहे. मला प्रामाणिकपणे खेळायचं होतं. म्हणून मी दोन पहारेकरी जावईबापूंना बगल देऊन गुहेत आणले आणि माझ्या सख्ख्या बहिणीवर हातोडे चालवले.

पहिला घाव बसला. तिने फासा टाकला. लक्ष टिकलं. दुसरा बसला. फासा टाकला. टिकलं. तिने जीवाचा आकडा खोडला, नवा लिहिला. तो फारच लहान होता.

पुढच्या टर्नला नर्सबाईंचा चोर आडवा झाला. चष्मेवाल्याचा बाण छताला लागला.

"अहो," धाकटी म्हणाली. "मागे या. दुप्पट चालता येतं तुम्हाला, आणि जादा कृती पळण्यात घातलीत तर माझ्यापर्यंत पोहोचाल. वर एक वारही उरतो. आणखी दोन घाव मी नाही झेलू शकत."

हिशोब बरोबर होता. मी मनातल्या मनात तो आधीच केला होता आणि जीभ चावून गप्प उभी होते.

"अगं थांब ना, यांचा सरदार आत आहे," जावईबापू म्हणाले. "साहेब बघतायत. तू फक्त धरून ठेव." आणि ते बोगद्यात आणखी आत गेले. एक वार. दुसरा वार. सरदाराच्या खांद्याचा टवका उडाला. "काय साहेब!"

नवे तीन पहारेकरी त्यांना ओलांडून बोगद्याच्या तोंडाकडे निघाले, गुहेच्या दिशेने.

"तुझा टर्न," मी धाकटीला म्हटलं. आवाज सपाट ठेवला, गाडी कडेला घ्या म्हणते तसा.

धाकटीने नकाशाकडे पाहिलं. जमिनीवर पडलेल्या चोराकडे पाहिलं, बोगद्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. तो साहेबांना सरदाराचा आकार हाताने दाखवत होता. एवढा वेळ त्या पोरीच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आता एकदम आलं, आणि मी ते लग्नाआधी शेवटचं पाहिलं होतं.

"भिंत," ती म्हणाली.

"कुठे?"

"बोगद्याच्या तोंडाशी. या कडेपासून त्या कडेपर्यंत, छतापर्यंत."

मी प्रत्येकाला विचारते तेच तिला विचारलं. "भिंतीला लक्ष लागतं. वेगमंत्र सुटेल. ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे."

"नक्की?"

"नक्की, ताई."

मला इतका आनंद झाला की खरं तर लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

मी खडूच्या डबीतून आख्खा खडू काढला आणि बोगद्याच्या तोंडाशी आडवा ठेवला. अलीकडे तिघं आणि दोन पहारेकरी. पलीकडे सगळी पलटण आणि जावईबापू.

"अरे, मी बाहेर राहिलो की!" जावईबापू हसत म्हणाले. विनोद आहे असं त्यांना वाटलं. "बरं, मी दुसरी कृती घेऊन पळतो."

"दुसरी कृती नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"वेगमंत्र सुटला."

"मग पहिली."

"पहिलीही नाही. चालताही येत नाही. एक फेरी तुम्ही गळाठलात."

"हे कुठे लिहिलंय?"

"मंत्राच्या शेवटच्या ओळीत," नर्सबाई म्हणाल्या, आणि पुस्तक उघडून त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली. सुईच्या आधी पेशंटला सांगतात तशी, शांतपणे, प्रत्येक शब्द सुटा.

जावईबापूंनी आपला कागद उचलून दाखवला. "पण माझ्याकडे दोन आहेत! हे बघा!"

"ते तुम्ही लिहिलंय," मी म्हटलं.

मग त्यांनी धाकटीकडे पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं असावं, कारण नीट ओळख पटत नसल्यासारखे बघत होते. "तू मुद्दाम केलंस?"

"हो," धाकटी म्हणाली.

"साहेबांसमोर?"

"मागे या म्हटलं होतं, तेही साहेबांसमोरच."

साहेब डोळे तपासायच्या खुर्चीत अगदी कडेला आले होते. "मिस्टर," ते जावईबापूंना म्हणाले, "म्हणजे तो स्पीड मिसेसचा होता होय?" माणूस कुचकट नव्हता. त्याला खरंच आत्ता कळलं होतं आणि कळल्याचा आनंद झाला होता. मी सकाळपासून त्यालाही मनात शिव्या देत होते. त्यातल्या अर्ध्या मी परत घेतल्या.

पहारेकऱ्यांची पाळी आली. मी फासे सगळ्यांसमोर टाकले, नेहमीसारखे सूत्रधाराच्या पुठ्ठ्याआड नाही. नंतर कुणी 'ताईंनी डाव साधला' म्हणायला नको. अलीकडच्या दोघांचे हातोडे हुकले, खांबावर आपटले. गळाठलेल्या माणसाला घाव चुकवता येत नाहीत. पलीकडे चार हातोडे होते. तिसऱ्यातच काम झालं. चौथा मी टाकला नाही. मी दुष्ट नाही.

"ताई, तुम्ही सूत्रधार आहात," जावईबापू म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "काहीतरी करता येत असेल की. एखादा देव वगैरे?"

"देव आहे," मी म्हटलं. "पण त्याला फेरीत एकच कृती असते आणि ती त्याने दुसरीकडे वापरली."

भिंतीच्या अलीकडे उरलेल्या दोघा पहारेकऱ्यांपैकी एकाला चष्मेवाल्याने बाण मारला. तो लागला. चष्मेवाला उभा राहिला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावून बघितलं, बाण तिथेच होता. धाकटीने नर्सबाईंच्या चोराला औषध पाजून उठवलं. दुसऱ्या पहारेकऱ्याला नर्सबाईंनी पाठीत सुरा मारून संपवलं. पलीकडून हातोड्यांचे आवाज येत राहिले, पण भिंत हलली नाही. धाकटी लक्ष धरून बसली होती, आणि तिला ते कुणी मागितलेलं नव्हतं.

लढाई संपली. मी नियमाप्रमाणे विचारलं, "कुणाला टेबल सोडायचंय?"

जावईबापूंनी तोंड उघडलं. धाकटीकडे बोट करणार होते, मला शपथेवर सांगता येईल. पण धाकटी आधी बोलली.

"मला नाही," ती म्हणाली.

 मग साहेबांनी, बिचाऱ्यांनी, अगदी सरळ मनाने विचारलं, "यांचं पात्र गेलं ना? मग ती खुर्ची रिकामी झाली, असंच का?"

"असंच," मी म्हटलं.

जावईबापू उठले. दुसरं काय करणार? साहेबांसाठी जागा करायची हे त्यांनीच ठरवलं होतं. हसू तोंडावर चिकटवून त्यांनी खुर्ची मागे सारली, रुमालाने पुसली आणि साहेबांना हाताने दाखवली. इतका लाचार माणूस मी परवान्याच्या रांगेतही पाहिलेला नाही. आता उभं कुठे राहायचं ते त्यांना समजेना. काचा घासायच्या मशीनला टेकले, तर चष्मेवाला म्हणाला, "तिथे नको, काच आहे."

"अहो," धाकटी म्हणाली. तिची मान खाली होती, ती कागदावर काहीतरी खोडत होती. "पोरीचा क्लास सुटेल आता. तिला घेऊन घरी जा. मला इथे वेळ लागेल."

"मी?"

"तुम्ही मोकळे आहात ना."

ते गेले. दुकानाच्या काचेतून मला दिसलं, फुटपाथवर दोन मिनिटं नुसते उभे होते. क्लास कुठल्या गल्लीत आहे हे बहुतेक ठाऊक नसावं. मग त्यांनी कुणालातरी फोन लावला. धाकटीचा फोन टेबलावर थरथरला. तिने तो पालथा घातला.

साहेब खुर्चीत सरसावून बसले. मी त्यांना कोरा कागद दिला, नर्सबाईंनी पेन्सिल दिली. त्यांनी 'योद्धा' असं छान वळणदार अक्षरात लिहिलं. मग 'कृती'पाशी थांबले आणि अदबीने धाकटीकडे वळले.

"मॅडम, तो स्पीड मलाही मिळेल का?"

धाकटीने कागदावरची खोडरबराची भुकटी फुंकली.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही चालत या."